घरातल्याच वस्तूंतून पोरांबरोबर काय काय बनवता? (दिवाळीची सुट्टी आलीय, सांगली-सातारा मंडळींनी तर यावंच)

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्याकडं गावभागात दिवाळीला दरवर्षी माझी दोन आणि नणंदेची दोन अशी चार पोरं जमतात, वयं ५, ८, ९ आणि १३. पहिला दिवस मजेत जातो आणि दुसऱ्या दिवसापासनं मोबाईल. मे महिन्यात मी क्राफ्टचं एक किट आणलं होतं साडेसहाशेचं, लई हौसेनं, तर त्यात सगळं आधीच कापून आलेलं, नुसतं चिकटवायचं, अर्ध्या तासात झालं पण आणि नंतर ते कुठं गेलं कुणी विचारलं नाही. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांचा फ्रीज आला, त्याचं रिकामं खोकं आमच्या बारक्यानं ओढत आणलं आणि चार दिवस त्यातनं बाहेर आला नाही, आधी ते घर झालं मग एसटी झाली मग आईस्क्रीमचं दुकान, शेवटी पावसात भिजलं तेव्हा रडला.

दुसरी गोष्ट शाळेची. "टाकाऊपासून टिकाऊ" करून आणा म्हणून सांगितलं होतं, शाळेचं नाव घेत नाही, आणि आदल्या रात्री स्टेशनरीच्या दुकानात आम्हा आयांची रांग. आईस्क्रीमच्या काड्यांचं नवीन पाकीट, नवीन थर्माकोल, नवीन चमकी. थर्माकोलच्या सजावटीला तर २०१८ पासून आपल्याकडं बंदी आहे. रात्री अकरापर्यंत मीच कापत बसले आणि पोरगी बाजूला झोपली. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. तिचं नाव त्या वस्तूवर होतं आणि तिचा हात त्याला लागला नव्हता.

म्हणून यंदा ठरवलंय की दुकानातनं फक्त फेविकॉल नि दोरा आणायचा, बाकी सगळं घरातलं, आणि जे होईल ते घरात वापरलं गेलं पाहिजे नाहीतर त्याच्याशी खेळता आलं पाहिजे, शोकेसमध्ये ठेवायला काही नको. वाकडं झालं तरी चालेल पण पोरांनी केलेलं पाहिजे. माळ्यावर दोन वर्षांची रद्दी आहे, पत्र्याचे डबे, जुन्या साड्या, हळदीची दोन पोती, करवंट्या, बाटल्यांची बुचं ही एवढी. तुम्ही काय काय केलंय ते सविस्तर सांगा, नुसती लिंक देऊ नका, काय चुकलं ते पण सांगा.


बेदाणा_खोकी (तासगाव)

चांगला धागा ताई. आमच्या घरी बेदाण्याची खोकी कायम पडलेली असतात त्यामुळं पोरं पुठ्ठ्यातच वाढली म्हणायला हरकत नाही. एक गोष्ट आधी शिकवा त्यांना, पुठ्ठ्याच्या पोटात ज्या नागमोडी नळ्या असतात ना त्या कुठल्या दिशेनं जातात ते बघायचं. नळ्या उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा वजन पेलतो, आडव्या ठेवल्या तर बसतो. आम्ही पुस्तकांचं छोटं कपाट केलं तेव्हा पहिलं आठ दिवसांत वाकलं, दुसरं नळ्या उभ्या धरून केलं ते तीन वर्षं झाली आहे अजून, माझ्या पोरीची सगळी पुस्तकं त्यात आहेत.

आणि घडी सरळ यायची असेल तर शाई संपलेलं बॉलपेन घ्या, पट्टी धरून जोरात रेघ ओढा, पुठ्ठा दबतो, मग तिथंच नीट मुडपतो. कटर पोरांच्या हातात द्यायची गरजच पडत नाही. हे साधं आहे पण यानं पाच वर्षाचं पोरगं पण खोकं बनवू शकतं, माझ्या भाच्यानं बनवलंय.


नवी_आई_सातारा

मस्त धागा!! वाचतेय. माझी पोरगी साडेतीनची आहे, तिच्यासाठी पण सांगा कुणीतरी.


दाभण (वाई)

कृष्णाकाठची बाई, रद्दी आहे म्हणताय तर लगद्याच्या टोपल्या करा. माझी आज्जी करायची, आई करायची, मी करते, माझ्या नातवंडांनी गेल्या वर्षी केल्या. आता मीच आज्जी झाले.

रद्दी बारीक फाडायची. फाडायचं काम लहान पोरांना द्या, त्यांना फाडायला फार आवडतं, आणि साडेतीन वर्षाच्या पोरीला पण जमतं बघ नवी आई. बादलीत दोन दिवस भिजत घालायची, मधे एकदा पाणी बदलायचं, नाहीतर वास येतो. मूठभर मेथ्या वेगळ्या रात्रभर भिजवायच्या. मग दोन्ही एकत्र वाटायचं, आम्ही पाट्यावर वाटायचो, आता जुनं मिक्सरचं भांडं असेल तर त्यात थोडं थोडं फिरवा, एकदम घातलं की मोटर तापते. मेथीनं लगद्याला चिकटपणा येतो आणि कसर लागत नाही. लगदा भाकरीच्या पिठापेक्षा थोडा सैल हवा.

पातेलं पालथं घाला, वरनं तेलाचा हात फिरवा किंवा ओलं फडकं घाला, त्यावर लगदा थापत यायचं, करंगळीएवढा जाड. सगळीकडं सारखा पाहिजे, कडेला पातळ झाला की तिथंच चीर पडते. उन्हात तीन-चार दिवस. अर्धवट वाळल्यावर काढायची घाई पोरं करतात, करू द्यायची नाही. पूर्ण वाळलं की पातेल्यापासनं आपोआप सुटतं. मग आतनं-बाहेरनं गेरूचा हात, त्यावर खडूनं किंवा चुन्यानं ठिपके, वेली, काय हवं ते.

लसूण, कांदे, वाळल्या मिरच्या, शेंगा ठेवायला लई छान. ओलं काही ठेवायचं नाही आणि छापील कागदाची शाई असते म्हणून खाण्याचा उघडा पदार्थ त्यात ठेवायचा नाही, हे मी ठणकावून सांगते कारण हल्ली फोटोत लोक त्यात फरसाण ठेवलेलं दाखवतात.


नवी_आई_सातारा

दाभण काकी, आज फाडायला बसवली. पाऊण तास शांत. पाऊण तास!! खूप खूप आभार.
एक विचारायचं होतं, फेविकॉल तिच्या हाताला लावायला नको वाटतं, घरी खळ करतात ती कशी करायची?


बेदाणा_खोकी (तासगाव)

दोन चमचे मैदा किंवा कणीक, आधी थंड पाण्यात गुठळी न होता कालवायची, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक व्हायला लागली की बंद. गार झाली की घट्ट होते म्हणून थोडी पातळच उतरवा. आमच्याकडं त्यात मोरचूद टाकायचे, किडा लागत नाही.


दाभण (वाई)

मोरचूद नको!! पोरांच्या कामात अजिबात नको. ते विष आहे, निळं दिसतं म्हणून पोरं हात लावतात, आणि हात तोंडात जातो. बाइंडिंगवाले वापरायचे ते ठीक, त्यांचं काम वेगळं. तुम्ही खळ लागेल तेवढीच करा, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते, वास आला की टाकून द्या. फारच वाटलं तर कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात खळ शिजवा.


बेदाणा_खोकी (तासगाव)

बरोबर आहे काकी, माझ्या डोक्यात नव्हतं आलं. लहान पोरं असतील तर मोरचूद टाकूच नका, माझं वाक्य मागं घेतो.


भूमितीबाई (कराड)

मी गणित शिकवते, म्हणून माझा प्रकार वेगळा असेल. दिवाळी आहे तर आकाशकंदील करा, विकतच्या कामट्या न आणता. रद्दीचा एक कागद घ्यायचा, कोपऱ्यापासून स्वेटर विणायच्या सुईवर घट्ट गुंडाळत जायचं, शेवटच्या कोपऱ्याला खळ, सुई काढून घ्यायची. वाळली की ही नळी चांगली कडक होते. टोकं मऊ असतात ती कापून मधला १० इंचाचा तुकडा ठेवायचा. असे २४ तुकडे.

२४ का, तर आपला जो पारंपरिक कंदील आहे तो सहा चौकोनांचा आहे. चार-चार नळ्यांचे सहा चौकोन करा, कोपऱ्यात दोरा ओवून बांधा. आता चार चौकोन पतंगासारखे टोकावर उभे धरा आणि शेजारच्याचा कोपरा शेजारच्याला बांधत गोल पूर्ण करा. वरच्या चार टोकांना पाचवा चौकोन बांधा, खालच्या चार टोकांना सहावा. झालं. आणि बघा, मधल्या जागा आपोआप त्रिकोण झाल्यात, आठ त्रिकोण, त्यांच्यासाठी एकही नळी जास्त लागली नाही. हे पोरांना आधी सांगू नका, बांधून झाल्यावर मोजायला सांगा. माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी ओरडतं "बाई आठ त्रिकोण कुठनं आले" आणि त्या एका क्षणासाठी मी हे दरवर्षी करते.

वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, बाकीचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण, म्हणजे बारा तुकडे पतंगाचा कागद लागेल. तो नसेल तर जुन्या पातळ ओढणीचे तुकडे खळीनं लावा, उजेड छान पडतो. आत एलईडीच बल्ब, जुना तापणारा बल्ब कागदात अजिबात नको.


कृष्णाकाठची (सांगली)

भूमितीबाई, काल रात्री बसलो सगळे. नळ्या झाल्या, चौकोन झाले, बांधून पण झालं, आणि आता तो उभाच राहीना!! एका बाजूनं धरला की दुसऱ्या बाजूनं पिळवटतो, टोपलीसारखा मिटतो आणि परत उघडतो. आमचा १३ वर्षाचा आता चिडलाय, म्हणतोय गाठी तू सैल मारल्यास. माझं काय चुकलं?


भूमितीबाई (कराड)

तुमचं काही चुकलं नाही आणि गाठी पण बरोबर असतील. तो सांगाडा तसा पिळवटणारच. त्याला सांगा, तीन नळ्यांचा त्रिकोण आणि चार नळ्यांचा चौकोन वेगवेगळे करून हातात धर आणि दाब. त्रिकोण हलत नाही, चौकोन दाबला की तिरका होतो. आपल्या कंदिलात आठ त्रिकोण पक्के आहेत पण सहा चौकोन सगळे ढिले आहेत, म्हणून अख्खा कंदील फिरतो. प्रत्येक चौकोनात एक तिरकी नळी टाका, कोपऱ्यातनं समोरच्या कोपऱ्यात. १० इंचाच्या चौकोनाला ती १४ इंचाच्या थोडीशी वर लागेल, म्हणून १५ कापा आणि बांधताना जुळवा. अशा सहा. २४ आणि ६, तीस नळ्या झाल्या की त्यात एकही ढिला चौकोन उरत नाही, सगळे त्रिकोणच. वरच्या चौकोनातल्या तिरक्या नळीला बल्बची वायर बांधता येते ते वेगळंच. घाई असेल तर चार बाजूंच्या चौकोनांत नळीऐवजी कागदच ताणून चिकटवला तरी बराच आवळतो, पण पोरांना नळी टाकून बघू दे आधी.

हा त्रिकोणाचा खेळ मी अरविंद गुप्तांच्या खेळण्यांवरून शिकले. ते आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात कित्येक वर्षं कचऱ्यातनं खेळणी करत होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या, एवढ्यावर त्यांनी पोरांना सांगाडे करायला शिकवलं. काडीचं गुल मोठ्यांनी आधी खरवडून काढायचं, मग दोन काड्या एका ट्यूबच्या तुकड्यात दोन्हीकडनं घालायच्या. त्रिकोण, चौकोन, घर, सगळं होतं त्यात.


कृष्णाकाठची (सांगली)

उभा राहिला!!!! तिरक्या नळ्या टाकल्याबरोबर. १३ वर्षाच्यानं तो कंदील दोन्ही हातांनी दाबून दाबून बघितला आणि मग बाकीच्या तिघांना बोलवून त्यानंच शिकवलं, त्रिकोण धर, आता चौकोन धर. मी नुसती बघत होते. बाई, तुम्हाला मनापासून नमस्कार.


माणदेशी (दहिवडी)

आमच्या भागात पाऊस कमी, ज्वारीचा कडबा घरोघर, त्यामुळं आमची खेळणी धाटाची. धाटाची बैलगाडी कुणी केलीय का इथं? सांगलीकडं ऊस जास्त पण कडबा मिळंल की कुणाच्या तरी गोठ्यात.

वाळलेलं जाड धाट घ्यायचं, वरची साल लांब पट्ट्यांत सोलून काढायची, आत पांढरं हलकं भेंड निघतं. भेंडाचे तुकडे करायचे आणि सालीच्या बारीक टोकदार काड्या खिळ्यासारख्या खुपसून जोडायचे. ना दोरा ना फेविकॉल. दोन लांब तुकडे साट्याला, म्हंजी गाडीच्या चौकटीला, आडवे तुकडे मधे, एक लांब साल पुढं दांडीला, जाड धाटाच्या चकत्या कापल्या की चाकं, कण्याला परत सालीचीच काडी. बैल करायचे तर भेंडाचा एक मोठा तुकडा अंगाला, चार काड्या पायाला, दोन वाकड्या सालपट्ट्या शिंगं. चष्मा पण होतो, सालीची गोल वळी करून भेंडाच्या तुकड्यात खोचायची, नाकावर बसतो झकास.

सालीची कड लई धारदार असती, बोट कापतं, त्यामुळं सोलायचं काम मोठ्यानं करायचं, जोडायचं पोरांनी. माझा बाप मला कडब्याच्या गंजीपाशी बसून करून द्यायचा, बोलायचा कमी, पण गाडी करून झाली की माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवून आधी स्वतः ढकलायचा, चालती का बघायला. मी आता माझ्या पोराला करून देताना तसंच करतो हे मला परवा बायकोनं दाखवून दिलं.


दाभण (वाई)

माणदेशी, वाचून डोळ्यात पाणी आलं बाबा.


मिरजकर

माझं छोटंसं. मिरजेत सतारी, तानपुरे होतात हे सगळ्यांना माहीत आहे, २०२४ ला भौगोलिक मानांकन (जीआय) पण मिळालं. इथं हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी वाद्यं करायला घेतली आणि भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतो, वाळवून पोकळ केलेला. म्हणजे बघायला गेलं तर एका वाळक्या भोपळ्यातनं एवढा आवाज निघतो. हे पोरांना कळावं म्हणून आम्ही डब्याची सतार करतो. पत्र्याचा डबा, झाकण काढलेला, कडा आत मुडपलेल्या, त्यावर तीन-चार रबरबँड वेगवेगळ्या ताणाचे. रबरांच्या खालून दोन पेन्सिली सरकवल्या की त्या घोडीचं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचं, काम करतात. जास्त ताणलेला रबर उंच सूर देतो, सैल खाली जातो, पेन्सिल सरकवली की त्याच रबराचा सूर बदलतो. मग तेच रबर नुसते दोन खिळ्यांवर ताणून वाजवायला सांगा, आवाजच येत नाही फारसा. डबा मधनं काढला की गाणं गेलं. हे पोरांना ऐकवायचं, समजावून सांगायची गरज पडत नाही.

शक्य झालं तर एकदा मिरजेला वाद्यांच्या गल्लीत घेऊन या पोरांना, कारागीर मंडळी काम करताना बघू देतात बहुतेक, विचारून उभं राहायचं.


पायथ्याशी (सातारा)

किल्ल्याचं कुणीच कसं काढलं नाही अजून! आमच्या घरातनं अजिंक्यतारा रोज दिसतो, त्यामुळं आमच्याकडं दिवाळी म्हणजे आधी किल्ला मग फराळ. आणि किल्ला हा सगळ्यात जुना टाकाऊतला प्रकल्प आहे, त्याला विकत काहीच लागत नाही.

कृष्णाकाठची, ती हळदीची पोती काढा बाहेर. विटा, फुटक्या कुंड्या, जुने डबे, खोकी, जे असेल ते रचून उंच-सखल आकार करा. माती चाळून ताकापेक्षा घट्ट चिखल करा, पोतं त्यात बुडवून, पिळून, त्या ढिगावर पांघरा आणि हातानं दाबत डोंगराच्या घड्या पाडा. वाळलं की वरनं परत एक मातीचा हात. पोत्यामुळं भेगा कमी पडतात आणि माती कमी लागते. बुरुजांना दुधाच्या पावडरीचे डबे, तटबंदीला काडेपेटीच्या रिकाम्या पेट्या ओळीनं लावून वर चिखल, मधली एक एक पेटी उभी केली की जंग्या-चऱ्यांसारखं, म्हणजे तटाच्या भोकांसारखं नि दात्यांसारखं, दिसतं. पाच दिवस आधी मोहरी नि आळीव पेरून ठेवा, रोज हलकं पाणी शिंपडा, लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवागार.

मावळे मातीचे करणार असाल तर मातीत थोडा कापूस पिंजून मळा, हातपाय तुटत नाहीत, आणि सावलीत वाळवा, उन्हात एकदम ठेवले की तडकतात.

आम्ही यंदा प्रतापगड करतोय, २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले त्यात आपल्या जिल्ह्यातला तो आहे म्हणून पोरांचाच हट्ट. १६५६ ला बांधून झाला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला पायथ्याला अफझलखानाची भेट. गडाचे दोन भाग, वरचा बालेकिल्ला आणि खालचा, ते दोन्ही दिसले पाहिजेत म्हणून थोरलीनं नकाशा काढून भिंतीला लावलाय. माझी सगळ्यांना एकच कळकळीची विनंती, तयार प्लास्टरचे किल्ले मिळतात ते आणू नका. पोराच्या नखातली माती दिवाळी संपेपर्यंत निघत नाही, तो किल्ला खरा.


नवी_आई_सातारा

दादा कारंजं कसं करायचं? मोटर न लावता.


पायथ्याशी (सातारा)

बाटली उंच टांगायची, खिडकीच्या गजाला, बुचाला भोक पाडून कूलरची किंवा फिशटँकची बारीक नळी, मेणानं सांध बंद, बाटली उलटी आणि बुडाला पण एक बारीक भोक, नाहीतर पाणी अडतं. नळी मातीखालनं न्यायची आणि टोकाला रिकामी रिफिल वर तोंड करून. कारंजं बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर कधीच जात नाही, त्यामुळं बाटली जेवढी उंच तेवढं छान. पाणी खाली भांड्यात जमवा आणि परत भरा, भरायचं काम तुमच्या साडेतीन वर्षाच्या बाईंना द्या.


पलूसची_सून

मी सहसा लिहीत नाही, वाचते. जुन्या साड्यांचं कुणी काढेल म्हणून थांबले होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं ते सगळ्यांना आठवत असेल, ४५ ला धोका असतो. आमचं घर नदीच्या बाजूचं, कपाटं आठ दिवस पाण्यात. परत आलो तेव्हा सासूबाईंच्या साड्या गाळात लडबडलेल्या, धुतल्या तरी डाग गेले नाहीत, नेसता येईनात आणि टाकून द्यायला त्यांचा जीव होईना. मग त्यांनी सगळ्यांची वाकळ शिवायला घेतली. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, पुरात त्याची शाळा बंद, तो त्यांच्याजवळ बसून दाभणात दोरा ओवून द्यायचा आणि नंतर नंतर टाके घालायला लागला.

आत जुन्या चादरी नि धोतराचे पदर अंथरायचे, वर-खाली साडी, चारी बाजूंनी मोठे टाके घालून आधी जागेवर बसवायचं म्हणजे सरकत नाही. मग कडेपासनं धावदोरा, एक ओळ झाली की तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, असं चौकोनी फिरत फिरत मधे यायचं. पोरांनी घातलेले टाके लांब-वाकडे येतात, ते उसवायचे नाहीत. आमच्या वाकळेत एका कोपऱ्यात वीतभर टाके असे मोठे मोठे आहेत, तिथं हात लागला की कळतं हे त्याचे. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. तो आता तेरा वर्षांचा आहे, थंडीत तीच घेतो.

अख्खी वाकळ मोठं काम आहे, सुट्टीत होणार नाही. पोरांना वीतभर चौकोन करायला द्या, चार थर, पातेल्याखाली ठेवायला होतो. किंवा साडीच्या तीन इंची पट्ट्या फाडून वेणी घालायची, लांबच लांब, आणि ती गोल गुंडाळत दाभणानं शिवत गेलं की पायपुसणं. वेणीचं एक टोक दाराच्या कडीला बांधून दिलं की दोघं दोघं मिळून घालतात.


कृष्णाकाठची (सांगली)

पलूसची सून, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्याकडं पण त्या पुरातलं एक लुगडं आहे आईचं, गाठोड्यात बांधून ठेवलेलं, मी ते कधी सोडलंच नव्हतं. आज सोडलं.


भूमितीबाई (कराड)

सोडलंत ते चांगलं केलंत.


कृष्णाकाठची (सांगली)

उद्या लक्ष्मीपूजन, म्हणून आजच सांगून टाकते काय काय झालं ते. कंदील लागला दारात, ओढणीचे तुकडे लावलेला, एक त्रिकोण हिरवा आहे कारण लाल संपला, आणि बारक्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "आठ आहेत, मोजा" असं सांगायचा धडाका लावलाय. लगद्याच्या तीन टोपल्यांपैकी एक तडकली, कड पातळ होती, काकींनी सांगितलेलं तेच, दुसऱ्या दोन्हीत आत्ता लसूण आहे. किल्ला अंगणात आहे, पोत्यानं काम केलं खरं, आळीव उगवलंय मोहरी नाही, बहुतेक जुनी होती. कारंजं वीतभर उडतंय. कडबा मिळाला नाही, माणदेशी, मिरजेच्या बाजूच्या एका नातेवाइकांनी पुढच्या महिन्यात देतो म्हटलंय. डब्याची सतार रोज सकाळी सहाला वाजते, सगळ्या घराला ऐकायला लागते.

आणि लुगडं. आम्ही पाच जण, चार पोरं नि मी, वीतभर चौकोन शिवतोय. नऊ वर्षाची दोन ओळी घालून थांबली आणि विचारलं, आज्जी कशी बोलायची. मग दुपार त्यातच गेली.

बेदाणा_खोकी दादा, पुठ्ठ्याच्या कपाटाची मापं टाका ना तेवढी, पाडव्यानंतर ते घ्यायचंय, नणंदेची पोरं भाऊबीजेला संध्याकाळच्या गाडीनं जाणार आहेत त्याच्या आत व्हायला पाहिजे.


बेदाणा_खोकी (तासगाव)

दीड फूट रुंद, दोन फूट उंच, खोली नऊ इंच. दोन फळ्या मधे, प्रत्येक फळी दुहेरी पुठ्ठ्याची, एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या दुसऱ्याच्या आडव्या असं चिकटवा. बाजूच्या भिंतींच्या नळ्या उभ्याच. चिकटवल्यावर रात्रभर वर पाटा ठेवा. पाडव्याच्या रात्री चिकटवलंत तर भाऊबीजेला दुपारी उभं राहील.